जरासंधाच्या पाठीमागचं दार

श्रावण सरत आला की आमच्या वर्कशॉपसमोरच्या मोकळ्या मैदानात ढोलाचा सराव सुरू होतो. नऱ्ह्यातली ही जागा तशी रुक्ष. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडांची रांग. पण संध्याकाळी ते ठोके सुरू झाले की आमचा पत्रासुद्धा थरथरतो आणि टेबलावरचे वॉशर आपोआप कडेला सरकत जातात. कामावरच्या पोरी पायानं ठेका धरतात. चहावाला कप ठेवताना मान डोलावतो. या दिवसांत सगळ्या शहरालाच काहीतरी गोड चढलेलं असतं. मला राग चढतो. नीट जपलेला, ओल न लागू दिलेला राग.

राग सोडून द्यावा असं सगळेच सांगतात. ज्यांना तो कधी कमवावा लागला नाही ते जरा जास्तच सांगतात. आम्ही मोटरवाले एवढंच जाणतो की मेन स्विच बंद केला म्हणून कपॅसिटरमधली वीज जात नाही. ती आत बसून राहते. हात लावणाऱ्याला ते कळतं.

ही गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा मी वाशीमकडून पुण्यात येऊन आयटीआय केलं होतं आणि भोसरीत एका कारखान्यात विजेची पॅनल जोडायच्या कामाला लागले होते. माझा मोठा भाऊ गजूदादा माझ्याआधी पुण्यात आला होता. पर्वतीच्या पायथ्याशी आमची एक खोली होती. दादा मधुकाकांकडे काम करायचा. मधुकाका म्हणजे गणपतीत हलते देखावे करणारे. मार्केट यार्डाच्या मागे गुलटेकडीला त्यांची लांबलचक शेड होती. बाहेरून कांद्याचा, गुळाचा आणि सडक्या झेंडूचा वास यायचा, आतून प्लॅस्टरचा आणि व्हार्निशचा. पावसाळी हवेत प्लॅस्टर लवकर वाळत नाही, म्हणून मोठे मोठे बल्ब लावून राक्षसांना शेकत ठेवलेलं असायचं. एखाद्या देवाचा नुसताच हात दोरीला लटकत असायचा. दादा त्या सगळ्यांचे लोखंडी सांगाडे करायचा. त्याचा हात वेल्डिंगला असा चालायचा की जोड कुठं आहे ते शोधावं लागे.

मधुकाका जुन्या पेठेतले. अंगानं किडकिडीत, चष्मा कायम कपाळावर, बोलणं असं की समोरच्याला आपण कापले गेलोय हे घरी गेल्यावर कळावं. दादानं मला पहिल्यांदा शेडवर नेलं तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "वा. म्हणजे आता शॉक बसला तरी बांगड्या वाजतील." पण त्यांचा जुना वायरमन गावी गेलेला होता आणि भाद्रपद तोंडावर होता. मला काम मिळालं. मला ते 'वायरमनबाई' म्हणत. मी ते नाव पदवीसारखं घेतलं, इतकी मी तेव्हा भाबडी होते.

त्या वर्षीचा देखावा जरासंधवधाचा होता. भीम जरासंधाला उभा चिरतो, दोन फाका दोन बाजूंना पडतात आणि पुन्हा एकमेकींकडे सरकत येऊन जुळतात. जरासंध हसतो. मग कृष्ण गवताची काडी मोडून दोन तुकडे उलट दिशांना टाकतो, भीमाला खूण कळते, आणि जरासंध एकदाचा मरतो. पेठेतल्या एका मोठ्या मंडळासाठी हे काम होतं. जरासंध चांगला दुमजली उंच, दोन्ही फाका रुळांवर चालणाऱ्या, खाली दणकट मोटर.

मोटर एका दिशेनं फिरली की फाका उघडतात, उलट फिरली की मिटतात. दोन्ही हुकूम एकाच वेळी गेले तर भडका उडतो, म्हणून एक चालू असताना दुसऱ्याला चालूच होता येऊ नये अशी वायर फिरवायची असते. हे मी केलं. फाका टोकाला पोहोचल्या की मोटर थांबावी म्हणून रुळांच्या टोकांना स्विच लावले. आणि कोणी सांगितलं नव्हतं तरी आणखी एक गोष्ट केली. जरासंधाच्या पाठीमागे प्लायवूडचं एक दार होतं. रुळाला ग्रीस लावायला त्यातून आत शिरावं लागे, थेट दोन फाकांच्या मधोमध. त्या दाराला मी एक स्विच लावला. दार उघडं असेल तर काही केल्या मोटर फिरणार नाही. आत जाणारा माझाच भाऊ होता. ते दार मी पन्नासदा तरी उघडून, बटण दाबून पाहिलं असेल. शेवटी मधुकाका म्हणाले, "अहो, जरासंध मरेपर्यंत आपण जगायला हवं ना?"

दार लाकडी होतं आणि हवा ओली. प्लाय फुगला. फाका जोरात सरकल्या की दार जरासं हले आणि माझा स्विच आपलं काम करे. जरासंध अर्धा फाटलेला असतानाच थांबून राही. मी मधुकाकांना सांगितलं, बिजागरी बदला, दार घट्ट बसेल. ते बरं म्हणाले.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात मंडळाचे लोक चाचणी पाहायला येणार होते. मी भोसरीला कामावर होते. दुपारी फोन आला. दादा आत ग्रीस लावत होता, दार उघडं होतं, पुढून कोणीतरी हिरवं बटण दाबलं आणि फाका मिटल्या.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

हॉस्पिटलात पोचले तर कॉटच्या पायथ्याशी मधुकाका आणि मंडळाचे दोघे उभे होते. मधुकाका चष्मा पुसत म्हणत होते की दाराचा स्विच चाललाच नाही, मुलीनं वायर चुकवली, आपणच चूक केली जरा लवकर विश्वास टाकून. मला पाहून ते थांबलेही नाहीत. मी दादाकडे पाहिलं. तो शुद्धीवर होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

मी तशीच शेडवर गेले आणि पॅनल उघडलं. दाराच्या स्विचच्या दोन टोकांपैकी एकावर, स्क्रूखाली, तांब्याचा एक नवाकोरा तुटका धागा चिकटला होता. कोणीतरी त्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा टाकून, म्हणजे आमच्या भाषेत जंपर टाकून, स्विचला मुका केला होता. दार उघडं असो की बंद, मोटरला ते बंदच वाटणार. अपघातानंतर तो तुकडा उपटून काढला होता. घाईत एक धागा राहिला. मी तो धागा तळहातावर घेऊन मंडळाच्या लोकांना दाखवला. त्यांतले एक निवृत्त मास्तर होते, फार सभ्य. म्हणाले, "बाळ, आपण शिकाऊ आहात, होतं असं." धागा वाऱ्यानं कुठं उडाला तेही मला कळलं नाही.

त्या वर्षी जरासंध गाजला. मी पाहायला गेले होते. गर्दीत, लोकांच्या खांद्यांना खांदे लागत, पायाखाली चिखल आणि चुरमुरे. फाका मिटल्या की लोक टाळ्या वाजवायचे. लहान मुलं बापाच्या खांद्यावरून ओरडायची. मी मांडवाच्या मागे जाऊन दार पाहिलं. नवी बिजागरी लावलेली होती. पितळी, चकचकीत.

मग ते वर्ष आलं. त्याबद्दल मला फार गोड लिहिता येणार नाही. आई गावाहून येऊन राहिली. ती दादाला भरवायची आणि माझं ताट झाकून ठेवायची. एकदा खोलीतला बल्ब गेला. मी स्टूल ओढलं तर आई म्हणाली, राहू दे, शेजारच्या पोराला बोलावते. मी स्टूल जागेवर ठेवलं. मंडईत भाजी घेताना कोणी ओळखीचं भेटलं की आधी दादाच्या हाताची चौकशी करायचं आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचं की मी कोथिंबिरीच्या जुडीत तोंड घालावं. संध्याकाळची बारीकसारीक कामं मिळायची ती बंद झाली. कारखान्यात माझं पॅनल दुसरं कोणी तरी पुन्हा तपासायला लागलं. आणि दादा डाव्या हातानं ब्रश धरायला शिकला आणि पुन्हा मधुकाकांकडेच जायला लागला. मधुकाकांनी त्याला रंगकामाला ठेवून घेतलं होतं. लोक म्हणत, मोठ्या मनाचा माणूस.

भोसरीहून येताना बसच्या खिडकीशी बसून मी मधुकाकांचं काय काय करायची ते सांगितलं तर वाचणारे घाबरतील. दापोडीच्या पुलापर्यंत मी त्यांना एकदा मारलेलं असायचं आणि स्वारगेट येईपर्यंत दुसऱ्यांदा. रागानं माणूस जळतो म्हणतात. मी तर त्या वर्षी रागावरच जगले. सकाळी उठायला दुसरं कारण नव्हतं.

पुढच्या आषाढात मधुकाका स्वतः आमच्या खोलीवर आले. आईनं त्यांना खुर्ची दिली. जरासंधाला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं, धायरीकडचं एक मंडळ. पण काकांनी गणपतीनंतर पॅनल सोडवून ठेवलं होतं आणि नव्या वायरमनला ते जुळत नव्हतं. फाका उघडत, पण मिटत नव्हत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, आपण एकदा येऊन बघाल का. मी लगेच हो म्हटलं. दादानं दचकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

मी आठवडाभर संध्याकाळी शेडवर जात होते. सगळ्या वायरी नव्यानं ओढल्या. मधुकाका मागे उभे राहून पाहायचे. मी त्यांच्याशी इतक्या अदबीनं वागत होते की त्यांना ते आवडायला लागलं होतं. दादा लांब, दुसऱ्या टोकाला कृष्णाच्या मुकुटाला सोनेरी लावत बसायचा. मी जवळ गेले की त्याला काहीतरी आणायला बाहेर जायचं असायचं.

चाचणीच्या दिवशी दुपारी धायरीच्या मंडळाचे अध्यक्ष आले. पांढरे कपडे, भरगच्च अंग, मोकळा आवाज. आल्या आल्या म्हणाले, "चालतंय का न्हाय ते दावा, बाकी काय आमाला कळत न्हाय." मी मधुकाकांना म्हटलं, काका, आतला रूळ तेवढा तुम्हीच एकदा नजरेखालून घाला, त्यातलं आम्हाला काय कळतंय. अध्यक्षांसमोर असं म्हटल्यावर ते कशाला नाही म्हणतील? चष्मा डोळ्यांवर घेऊन ते जरासंधाच्या पाठीमागच्या दारातून आत गेले.

मी पॅनलसमोर उभी राहिले आणि हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

"काका," मी म्हटलं, "दार उघडं आहे. आज स्विच चालू असेल की जंपर टाकलेला असेल? आपला काय अंदाज?"

 दोन फाकांच्या फटीतून त्यांचा चेहरा दिसत होता. बाहेर यायला त्यांना दोन पावलं मागे जावं लागलं असतं, आणि तेवढ्यात काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. अध्यक्ष म्हणाले, ओ ताई, हे काय चाललंय. मी म्हटलं, मागच्या वर्षी काय चाललं होतं ते दाखवतेय.

"रेखा," मधुकाका म्हणाले. त्यांनी मला नावानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ. "रेखा, बोट काढ."

"आधी सांगा."

त्यांचा आवाज अगदी बारीक आला. "जंपर टाकायला मी सांगितला होता. मंडळाचे लोक यायचे होते आणि जरासंध मधेच थांबत होता. नंतर उपटला तोही मीच." मग थांबून ते म्हणाले, "पण टाकला गजूनं. त्याला विचार."

मी वळून पाहिलं. दादा हातात सोनेरी रंगाचा डबा घेऊन उभा होता. मी वाट पाहिली. त्यानं नाही म्हटलं असतं तर मी त्याचं ऐकलं असतं. त्या क्षणी मी काहीही ऐकलं असतं. तो खाली मुंडी घालून डब्यात पाहत राहिला.

जंपर म्हणजे काय हे त्याला मीच शिकवलं होतं. आयटीआयच्या परीक्षेचे दिवस होते. खोलीबाहेरच्या पायरीवर मी वह्या पसरून बसायचे आणि तो विचारायचा, हे काय, ते काय. चांगला विद्यार्थी होता.

माझं बोट बटणावरच होतं. आता ते कोणासाठी आहे हेच कळेना.

शेवटी मी बोट काढलं. मधुकाका दार धरत धरत बाहेर आले. तरी सवय जाईना, म्हणाले, "झालं समाधान?" मी नाही म्हटलं. खरंच झालं नव्हतं. अध्यक्षांनी एकदा जरासंधाकडे पाहिलं, एकदा दादाच्या हाताकडे. "काका, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "ज्यानं पोराचा हात खाल्ला त्याला आमच्या गणपतीम्होरं कशाला हुबा करायचा?" आणि गाडीत बसून गेले.

त्या पॅनलचा फ्यूज मी सकाळीच काढून पर्समध्ये टाकला होता. बटण दाबलं असतं तरी मुंगीसुद्धा हलली नसती. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही आणि मधुकाकांना तर कधीच सांगणार नाही. त्यांनी उरलेलं आयुष्य ती दुपार आहे तशीच बाळगावी.

बातमी पेठांमध्ये फिरायला वेळ लागत नाही. त्यांना हलत्या देखाव्यांची कामं पुन्हा मिळाली नाहीत. जरासंध शेडमध्येच भिजला, फुगला, भंगारात गेला. हल्ली ते लग्नाचे मंडप सजवतात, फुलांचे, कापडाचे, जिथं काहीच हलत नाही. मंडईत कधी समोर आले तर रस्ता ओलांडून पलीकडे जातात. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. त्या दिवशी मी भाजी जरा जास्तच घेते.

दादाचं काय करायचं हे मात्र अवघड होतं.

त्या संध्याकाळी खोलीवर आल्यावर मी त्याला म्हटलं, आईला सांग. माझ्यासमोर सांग. आई भाकरी थापत होती. तो दाराशीच बसला. आम्ही पुण्यात आल्यापासून शहरासारखं बोलायला शिकलो होतो, पण त्या वेळी त्याच्या तोंडून गावाकडचीच बोली निघाली.

"मीनच टाकला होता तो वायरचा तुकडा," तो म्हणाला. "बोललो असतो तं लोक म्हणले असते, सोताच्या हातानं सोताचा हात घालवला. मंग कोन ठेवते मले कामावर? तू शिकेल होती, रेखे. तुले दुसरं काम भेटलं असतं."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यानं माझा वाईट विचार केलाच नव्हता. त्यानं हिशेबानं मला निवडलं होतं. कॉटवर डोळे मिटले तेव्हा त्याला दुखत होतं म्हणून नव्हे, त्याचं ठरलं होतं म्हणून.

आईची भाकरी तव्यावर करपली. तिनं ती उतरवून बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, रेखे, मोरीतला बल्ब गेला व, पाहून दे. मी म्हटलं, शेजारच्या पोराला बोलाव.

पुढं मी कारखाना सोडला, नऱ्ह्यात ही शेड घेतली. सोसायट्यांचे पंप, गिरण्या, लिफ्ट, ज्याला मोटर आहे त्याचं पॅनल आम्ही करतो. खडकवासल्याच्या बाजूच्या शेतांपर्यंत आमची पॅनल गेली आहेत. दादा माझ्याकडेच काम करतो. लोकांना त्यात बहिणीची माया दिसते. आहेही. तो आजारी पडला की मीच डॉक्टरकडे नेते, त्याच्या डब्यात त्याला आवडतो तसा ठेचा असतो. पण मी त्याला कामावर घेतलं तेव्हा एक अट घातली होती आणि ती त्यानं मान्य केली होती. आमच्याकडे नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी दादानं त्याला समोर बसवायचं, उजवा हात टेबलावर ठेवायचा, आणि जंपर का टाकायचा नाही हे सांगायचं. सगळं. कोणी सांगितलं, कोणी टाकला, दोष कोणावर गेला आणि तेव्हा आपण काय केलं. डोळे मिटल्याचंसुद्धा.

सुरुवातीला त्याचा आवाज फुटायचा नाही. मी पाणी द्यायची आणि थांबायची. पुढं त्याला ते पाठ झाल्यासारखं झालं. मला ते आवडलं नाही. मी मधेच एखादा प्रश्न विचारून त्याला त्या कॉटवर परत नेत असे. कोणी याला क्रूर म्हणेल. म्हणावं. माझं वर्ष कोणी मला परत दिलं नाही. मी ते थोडं थोडं करून वसूल करते.

कधी कधी मला वाटतं की त्याला ते हवं असावं. न सांगता जगायची शिक्षा त्यानं एक वर्ष भोगून पाहिली होती, सांगून जगायची त्यातल्या त्यात हलकी असेल. मग मला आणखीच राग येतो. माझ्या सुडातसुद्धा त्याचीच सोय झाली की काय, म्हणून.

या श्रावणात एक नवी मुलगी रुजू झाली. साताऱ्याकडची, डिप्लोमा झालेली, बोलायला धीट. संध्याकाळची वेळ होती. समोर ढोल सुरू झाले होते. दादानं हात टेबलावर ठेवला आणि सुरुवात केली. त्याचे केस आता बरेच पिकलेत. मी शेजारच्या टेबलावर एका पंपाच्या पॅनलचे स्क्रू आवळत होते, पाठ त्यांच्याकडे करून. तो दुपारपर्यंत आला, बटणापर्यंत आला, हॉस्पिटलपर्यंत आला. कॉटपाशी थांबला.

मुलगी हळूच म्हणाली, "काका, मग ताईंनी तुम्हाला माफ केलं?"

बाहेर ढोलवाले दम घ्यायला थांबले असावेत.   पाठीवर दादाची नजर मला कळत होती. तो वाट पाहत होता, आणि इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

मी स्क्रू पूर्ण आवळला, वायर ओढून पाहिली. पक्की होती.

"डोळे मिटलेस," मी म्हटलं. "तिथंपर्यंत आला होतास, दादा. पुढचं सांग."